उन्हातली ओळ

१२ नोव्हेंबर

ताई,

आधी कामाचं लिहिते, म्हणजे तू पत्र शेवटपर्यंत वाचशील.

हॉलच्या कमिटीने मार्चमधल्या कार्यक्रमात मला वीस मिनिटं दिली आहेत. रचना माझी, बाबा जुळवतात त्या नळ्यांच्या ऑर्गनवर वाजवणारीही मीच. मी ‘हो’ म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरून परत फिरून ‘नाही’ सांगायला गेले, तर मॅनेजरबाईंनी दारातच अभिनंदन करून टाकलं. मग कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आई म्हणाली, “बरं झालं, तुझ्यापेक्षा त्या चपळ निघाल्या.”

रचना प्रकाशावर आहे. पहिला भाग सूर्याचा, मधला एका जोडताऱ्याचा, आणि शेवटचा सगळ्यात जुन्या प्रकाशाचा, जो अजून वाटेतच आहे. हसू नकोस. जोडताऱ्याचे आकडे मी तुझ्याच शोधनिबंधातून घेतलेत. तुमच्या वेधशाळेने तो सगळ्यांना वाचायला ठेवलाय. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड उतरतो, बाहेर आला की चढतो, एवढं मला कळलं. त्या चढउतारावर मी डाव्या हाताची चाल बांधली. पण एके ठिकाणी तुझा आकडा काही केल्या बसेना. तो मी थोडा ओढून बसवला. तेव्हापासून घास गोड लागत नाही. कार्यक्रमपत्रिकेवर ‘ताऱ्याच्या उजेडावरून’ असं छापलं तर ते खोटं ठरेल का? तुला राग येणार असेल तर तो भाग काढून टाकते.

दुसरं काम मोठं आहे. तुला हे पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिलं की माझं मलाच नीट कळतं. ऊन पडलं की नळीतली हवा तापते आणि नळीचा सूर चढतो. म्हणून तर पश्चिमेच्या खिडकीच्या झडपा आपल्या जन्माआधीपासून बंद आहेत. मला शेवटच्या भागात त्या उघडायच्या आहेत. नळ्यांची खिडकीकडची ओळ आणि आतली ओळ, दोन्हींचा तोच सूर एकदम धरायचा. सुरुवातीला एकजीव. मग ऊन सरकत येऊन खिडकीकडच्या नळ्यांवर पडेल, त्या हळूहळू चढतील, आतल्या तिथेच राहतील, आणि दोघींच्या मध्ये ते हेलकावे सुरू होतील, वां, वां, वां, जे बाबा ऑर्गन जुळवताना आयुष्यभर मारत आले. मला ते हेलकावे ताऱ्याच्या लुकलुकण्यासारखे वाटतात. उजेडच वाजवेल, मी फक्त पट्टी धरून बसेन.

त्या दिवशी दुपारी ऊन त्या ओळीवर नेमकं कधी पोचेल, हे तू काढून देशील का?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. बाबा बरे आहेत.

फोन केला असता, पण फोनवर मी तत-पप करते हे तुला माहीत आहे.

तुझी,
शंकासुर

५ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं असलं म्हणून काय झालं, मी ते आईला दाखवलं, मग लपवलं, मग आईनेच ते फ्रिजवर लावलं. बाबा रोज पाणी प्यायला तिथे उभे राहतात. हल्ली त्यांना तहान फार लागते.

‘तारा तुझ्यावर खटला भरणार नाही’ हे वाचून मला बरं वाटलं. पण ‘लुकलुकणं ताऱ्याचं नसतं, मधल्या हवेचं असतं, आम्हाला तो वैतागच आहे’ हे वाचून पुन्हा घोर लागला. म्हणजे मी जे सुंदर म्हणून लिहिते आहे, ते पुसून टाकण्यात तुझी वर्षं चालली आहेत? मग विचार केला, बाबांचंही तेच. ते खाली हवेशी भांडतात, तू वर. हे मी तुला लिहावं की नाही, यावर बराच वेळ घालवला. लिहिलं.

मापं मागितलीस ती घेतली. खिडकीची उंची, रुंदी, भिंतीची जाडी, ओळ जमिनीपासून किती वर, सगळं वेगळ्या कागदावर आहे. खिडकीचं तोंड नेमकं पश्चिमेला नाही, जरा दक्षिणेकडे कलतं. होकायंत्र उधार आणलं होतं. शिडीवर मी चढले. तू विचारशील बाबा का नाही. बाबा चढू शकतात, चढत नाहीत. गुडघा जरा धरतो. जरा म्हणजे, वर्षभर ऑर्गनच्या आतलं सगळं काम मीच करते आणि ते खाली उभे राहून “चढव, अजून, अजून, बस, बस म्हटलं ना!” असं ओरडतात. मागच्या पत्रात ‘बरे आहेत’ लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं.

आणखी एक. त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. तू सकाळी झडपा उघडून उन्हाची वाट जमिनीवर आखत बसलीस, बंद करायची विसरलीस, आणि दुपारी तो पाहुणा वादक मध्येच हात उचलून उठून गेला. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, “तुला कान नाही. ऑर्गनपाशी पाऊल टाकायचं नाही.” तू त्यांचा शब्द मानलास तो असा मानलास, की घरातच पाऊल टाकलं नाहीस. मी तेव्हा लहान होते. तरी मला आठवतं, तू बॅग भरताना माझी फूटपट्टी परत केलीस. खुणा करायला माझी घेतली होतीस.

तर मापं घेण्यासाठी मी खिडकीखालचा गालिचा उचलला. त्याखाली पेन्सिलीच्या तुझ्या खुणा आहेत. सगळ्या. मागच्या वर्षी अख्ख्या हॉलची लाकडी जमीन घासून पॉलिश केली, तेवढा तुकडा सोडून. मी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, हे कसं राहिलं?

“राहिलं कसलं, राखलं!” मावशी म्हणाल्या. “तुझे बाबा गालिच्यावर खुर्ची टाकून बसले दिवसभर. पॉलिशवाला म्हणाला, काका, उठा. तर म्हणाले, माझा गुडघा दुखतो, मी उठणार नाही. वर मलाच दटावलं, कुणाला बोलायचं नाही म्हणून. आता तू विचारलंस म्हणून बोलले.”

यातून काही काढू नकोस. मी फक्त पाहिलं ते लिहिलं.

धाकटी

१० जानेवारी

ताई,

सांगितलं. बाबांना. आणि व्हायचं तेच झालं.

तू लिहिलंस, ‘ऊन कधी येईल ते मी सांगेन. नळ्यांचा पत्रा किती तापेल ते ज्याचा पत्रा त्याला विचार.’ म्हणून विचारावंच लागलं. जेवताना विचारलं, कारण जेवताना बाबा उठून जात नाहीत. या वेळी गेले. मग वाढलेलं टाकवेना म्हणून परत आले आणि तिथून जे सुरू झालं!

“ज्या उन्हाला मी आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, त्याला तू पाट मांडून बोलावतेस?”

“बाबा, शेवटची पाच-सात मिनिटंच.”

“बेसूर ते बेसूर. पाच मिनिटं असो नाहीतर पन्नास. लोक काय म्हणतील? यांच्याच मुलीने वाजवला आणि यांनीच जुळवलेला ऑर्गन रडतोय. माझ्या हाताखालचा ऑर्गन लोकांसमोर बेसूर वाजणार नाही.”

“पत्रिकेत लिहू ना, की मुद्दाम आहे.”

“मुद्दाम पडलं तरी गुडघा फुटतोच!”

आईला हसू आलं, त्यामुळे आणखी बिघडलं. तेव्हापासून आमचा व्यवहार आईमार्फत चालतो. “तुझ्या मुलीला म्हणावं, भात सरकव.” आई म्हणते, “ती समोरच आहे, तोंड तुम्हाला आहे, भात तिच्याजवळ आहे, मी यात कुठे येते?”

चिडून मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, ताईसुद्धा तुमच्यासारखीच हवेला शिव्या घालते, पण तिने नाही म्हटलं नाही. आकडे काढून देते आहे.  मला वाटलं आता ताट उचलणार. तर विचारतात, “तिला कुणी सांगितलं हे काढायला?”

“मी विचारलं म्हणून.”

बराच वेळ भात कालवत बसले. मग आईकडे बघून म्हणाले, “त्या डोंगरावर थंडी किती असते?”

आई म्हणाली, “मला काय ठाऊक. फोन लावायला बोटं तुम्हालाही आहेत.”

आता मुद्द्याचं. रचना मागे घ्यावी का? शेवटचा भाग झडपा बंद ठेवून वाजवता येईल, सूर कुठे हलणार नाहीत, बाबांची मान खाली जाणार नाही. कुणाला कळणारही नाही की काही राहिलं. मला मात्र कळेल. आणि बाबांच्या नावाला बट्टा लावून मला माझं काही मिळवायचं नाही. मी खरंच अडकले आहे. आई आपल्याला नळ्या कापून अपूर्णांक शिकवायची तेव्हा बरं होतं. अर्धी नळी म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, त्यात वाद नव्हता.

तू सांग. पण सांगताना माझ्या बाजूने बोलू नकोस आणि स्वतःच्या रागातूनही बोलू नकोस.

तुझी

२ मार्च

ताई,

तुझी वेळ मिळाली. वेळेसोबत उन्हाच्या पट्ट्याचं चित्रही आहे, कुठून शिरतो आणि ओळीवर कसा चढतो. तुझ्या जुन्या खुणांवर मी ते ताडून पाहिलं. तेव्हाच्या खुणा वेगळ्या महिन्यातल्या, तरी वाट तीच. ‘ढग आले तर मी जबाबदार नाही’ हेही वाचलं. त्या दिवसापासून मी रोज आभाळाकडे बघते आणि रोज ढग असतात. पूर्वीही असतील. मी बघत नव्हते.

‘कुणाची मान खाली जाईल हे आधीच ठरवून कुणी पट्टी दाबत नाही’ असं तू लिहिलंस. ते मी घरच्या पियानोवर चिकटवलं, मग बाबांना दिसेल म्हणून काढून कपाटाच्या आत लावलं.

तरी मी मागे घेणार होते. मॅनेजरबाईंना सांगायला निघालेही. चपला घालताना बाबा थेट माझ्याशी बोलले. “उघड झडपा,” म्हणाले. बस्स, एवढंच. मी म्हटलं, म्हणजे? “म्हणजे उघड. मराठीत सांगितलं ना?” मी म्हटलं, पण बेसूर होईल त्याचं? ते म्हणाले, “ते माझं मी बघीन. तू तुझ्या बोटांचं बघ.”

मला आनंद व्हायला हवा. झाला. पण मला ओळखतेस ना? आता मला वाटतं, आई रागावली असेल म्हणून ते हो म्हणाले, आणि आतून जळत असतील. त्यांनी दोन थर्मामीटर आणलेत. एक खिडकीकडच्या ओळीत टांगलाय, एक आतल्या. दुपारी झडपा उघडून खुर्ची टाकून बसतात, मी गेले की वर्तमानपत्र धरतात. मला चूक ठरवायला पुरावा गोळा करत असावेत. शिवाय संध्याकाळी फोन घेऊन अंगणात जातात आणि ओरडून बोलतात. काल “अंश! अंश म्हणतोय मी!” असं ऐकू आलं. आईला विचारलं तर म्हणाली, राँग नंबर. राँग नंबरशी कुणी एवढं बोलतं का?

तुला त्या दिवशी येता येणार नाही हे कळलं. दुर्बिणीची पाळी महिनोन्‌महिने आधी ठरते, ती सोडता येत नाही. ठीक आहे.

ठीक नाहीये. पण समजू शकते.

शंकासुर

२१ मार्च

ताई,

तुला माहीत होतं!

मला तुझ्यावर इतकं रागवायचं आहे, पण अक्षर हसल्यासारखं येतं आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी निसटेल.

काल सकाळी मी हॉलवर गेले तर ऑर्गनच्या पट्ट्यांवरच्या झाकणाला कुलूप. बाबा म्हणाले, “जुळवून ठेवलाय. कार्यक्रमापर्यंत कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा.” मी म्हटलं, आत कोण चढलं? “चढलो.” पँटच्या गुडघ्यावर शिडीची धूळ होती. मावशी बाजूला बसून बोटं चोळत होत्या. “पहाटेपासून एकेक पट्टी दाबून बसवलंय मला. बोट माझं आहे का त्यांचं तेच कळेना. आणि वरून ओरडा, धरा, धरा, सोडू नका!” मला हे विचित्र वाटायला हवं होतं. पण मी आभाळाकडे बघत होते. आभाळ निम्मं ढगाळ होतं.

पहिले दोन भाग मी नुसत्या आतल्या ओळींवर लिहिलेत, ते तसेच झाले. जोडताऱ्यात एकदा अडखळले, तुझा ओढून बसवलेला आकडा तिथेच होता. शिक्षाच ती. मग शेवटचा भाग. बाबा स्वतः खिडकीपाशी गेले आणि त्यांनी झडपा उघडल्या. लोक माना वळवून बघायला लागले. मी दोन्ही ओळी जोडून पहिला सूर धरला, जो एकजीव यायला हवा होता.

तो हेलकावत होता.

ताई, ऊन अजून नळ्यांपर्यंत पोचलंही नव्हतं आणि सूर फाटलेला होता. जोरात, वां वां वां वां.  मला वाटलं, शिडीवर बाबांचा पाय घसरला असेल, नळीला धक्का लागला असेल, त्यांना आता नीट ऐकू येत नसेल. हात उचलून थांबावं, माफी मागावी, असं मनात आलं. आणि तो पाहुणा वादक आठवला, उठून गेलेला. त्याच्या उठण्याने आपल्या घरातून काय काय उठून गेलं ते आठवलं. मी हात उचलला नाही.

बाबांकडे पाहिलं. ते लोकांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते खिडकीबाहेर ढगाकडे बघत होते. लोक कुजबुजत होते, त्यांना ऐकू येत असणार. मी माझ्या बाबांना कधी देवाकडे काही मागताना पाहिलेलं नाही. काल ढगाकडे मागत होते.

मग ऊन आलं. तू काढलेल्या चित्राप्रमाणे खालून वर, आधी नळ्यांच्या पायाशी, मग पोटाशी. आणि हेलकावे हळू झाले. मी आधी विश्वास ठेवला नाही. वां... वां... वां. मध्ये ढगाचा एक तुकडा आला, ते तसेच रेंगाळले, मी सूर सोडला नाही, पुढचा धरला, तोही तसाच. ऊन परत आलं. वां. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक, अगदी लांब, झोपेतल्या श्वासासारखा. आणि मग दोन्ही ओळी एक झाल्या. माझा शेवटचा स्वरसमूह मी विस्कटण्यासाठी लिहिला होता. तो उजेडात येऊन जुळला. जिथे सोडायचा तिथे मला सोडवेना, मी धरून बसले. हॉलमध्ये खोकलासुद्धा आला नाही.

बाबांनी सगळं उलटं करून ठेवलं होतं. ऊन जेवढं चढवणार, तेवढी खिडकीकडची ओळ त्यांनी आधीच उतरवली होती, नळी नळी करून. म्हणजे ढग राहिले असते, ऊन कमी पडलं असतं, तर अख्खा शेवट बेसूर गेला असता आणि तो माझा प्रयोग नसता, त्यांची चूक ठरली असती. लोकांसमोर. ज्यांनी जन्मात असा डाव खेळला नाही त्यांनी.

मी त्यांना आत गाठलं. म्हटलं, “एवढं नेमकं कसं काढलंत? ऊन किती वेळ टिकेल, केवढा भाग उन्हात भिजेल, हे कुणाला विचारलंत?”

“जिला कळतं तिला.”

 ते शर्टाच्या बाहीने थर्मामीटर पुसत म्हणाले, “कान नसेल. पण हिशेब चोख आहे कार्टीचा.”

आईने मग सगळं सांगितलं. पहिल्या फोनवर तुम्ही दोघं किती वेळ काहीच बोलला नाहीत, मग बाबांनी एकदम “खिडकीची काच एकेरी आहे” असं म्हटलं, आणि तू “जाडी सांगा” म्हणालीस. आठ वर्षांनंतरचं पहिलं बोलणं! मला कुणी सांगितलं नाही, कारण म्हणे मी काळजी केली असती. केली असतीच. ती मी तशीही केली.

आता माझी शंका. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मी लिहिलेल्याला नव्हत्या. मी फाटत जाणारा प्रकाश लिहिला होता, त्यांनी जुळत येणारा ऐकला. मॅनेजरबाई म्हणाल्या, केवढी कल्पना! मी म्हटलं, माझी नाही. त्या म्हणाल्या, किती ही नम्रता. आता त्यांना चिठ्ठी लिहून खरं कळवते आहे. पत्रिकेत यापुढे तिघांची नावं हवीत, असंही लिहिलंय. तुझी हरकत असेल तर कळव. बाबांची आहे, पण ती मी मोजणार नाही.

शेवटचं. पुढच्या महिन्यात वर्षाची मोठी जुळवणी आहे. आत मी चढेन, बाबा खाली ऐकतील, पट्टी धरायला माणूस हवं. मावशींनी कानाला खडा लावला. मी बाबांना विचारलं, मग कुणाला बोलवायचं? ते म्हणाले, “पट्टी धरायला कान नसलेलं माणूस बरं. मध्ये मध्ये मतं देत नाही.” मी म्हटलं, हे ताईला लिहू? म्हणाले, “लिही. पण मी बोललो तेवढंच लिही, पदरचं घालू नकोस.”

म्हणून तेवढंच लिहिलं आहे.

फक्त एक मी पाहिलेलं, ते पदरचं नाही. कार्यक्रमानंतर झडपा बंद केल्या. त्यामुळे खिडकीकडची ओळ थंड होऊन पुन्हा उतरली आहे, पट्टी दाबली की हेलकावते. आपल्या घरात नळी बेसूर राहिली की बाबांना जेवण जात नाही, माहीत आहे ना? आज दुपारी मी शिडी लावायला गेले, तर म्हणाले, “राहू दे तशीच. ती आली की लावू.” आणि बसून पोटभर जेवले.

तुझी वाट पाहणारी,
शंकासुर